दुमजली पलंग

सोफ्याच्या उशीवर हाताच्या कडेने एक चापट मारून सोफेवाल्याने तिचे दोन कान वर काढले आणि मनातल्या मनात पुन्हा एकदा बेरीज केली. नव्या शाखेच्या शटरची किल्ली. काचेची केबिन. दोन्ही हात शाबूत असलेली फिरती खुर्ची. आणि गिऱ्हाइकाने चुटकी वाजवली की स्वतः न उठता दुसऱ्या कुणाला तरी उठवण्याची सोय. वजाबाकीच्या बाजूला काहीच दिसत नव्हतं. मालकांनी फक्त एवढंच म्हटलं होतं,

"रविवारी घरच्यांना घेऊन या. कॅटलॉगचा फोटो काढायचाय. भाड्याची माणसं आणली की ती सोफ्यावर भाड्याने बसल्यासारखीच दिसतात. तुमचं कसं, छान चौकोनी कुटुंब. तुम्ही, वहिनी, मुलगा, मुलगी. आणि हो, नव्या शाखेचं त्यानंतर बोलू."

"हो हो, आणतो की," सोफेवाला म्हणाला, आणि दुसऱ्या उशीला चापट जरा जोरातच बसली.

चौकोनाला आणखी दोन कोपरे होते. नोकरीसाठी तो पहिल्यांदा या दुकानात आला तेव्हा त्याच्या आधीच्या उमेदवाराने 'मुलं पाच' असं सांगितलं होतं आणि मालक हसून म्हणाले होते, "मग दुकानात कधी येणार तुम्ही?" बाहेरच्या बाकावर बसून सोफेवाल्याने ते ऐकलं. आत गेल्यावर तो म्हणाला, "एक मुलगा, एक मुलगी." यात तसं खोटं काही नव्हतं. मुलगा एकच होता आणि मुलगी एक होतीच. उरलेल्या दोघींबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

पुढे या दुकानात उभं राहून तो बरंच काही शिकला. जोडपं पलंगाजवळ कसं येतं यावरून त्याला त्यांचं घर कळायचं. मोटारीतून उतरणाऱ्यांना एकच मूल असायचं आणि त्या एका मुलाला मोटारीच्या आकाराचा पलंग लागायचा. पायी येणारी माणसं गादीचा कोपरा दाबून बघायची, भाव विचारायची आणि पोरांची मोळी बांधून परत जायची. त्यातही पुढे मुली आणि शेवटी मुलगा अशी ओळ आली, की बघणारे ती मोजत नसत, वाचत. आणि वाचून झालं की त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात एक बारीक हसू यायचं. सोफेवाल्याच्या ओठातही यायचं. संध्याकाळी तो तसल्याच ओळीकडे घरी जायचा.

त्याच्या घरात ओळ अशी होती: थोरली, मधली, धाकटी आणि राजा. तिसरीला धाकटी म्हणायला सुरुवात केली तेव्हा ती खरोखरच धाकटी होती. नंतर राजा आला, पण नाव बदलायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. गल्लीने याला सोफेवाला हे नाव दिलं तेही असंच, चेष्टेत. घरात सोफा सोडा, पाठ टेकायला धड खुर्ची नव्हती.

बायको शेजारच्या शिंप्याकडची काजं-बटणं घरी करायची. त्याने फोटोचं सांगितलं तेव्हा तिच्या मांडीवर कुणाचा तरी सदरा होता.

"मग कुणाला नेणार?" तिने विचारलं.

"राजाला तर न्यावंच लागेल."

"ते मी विचारलंच नाही."

पलीकडच्या खोलीत दप्तरांची खुडबुड चालली होती ती थांबली. दोन खोल्यांच्या घरात पोरांच्या नकळत काही बोलायचं तर बाहेर रस्त्यावरच जावं लागतं.

"हे बघ," तो आवाज उतरवून म्हणाला, "मी काय हौसेनं केलं का हे सगळं? आईला नातू हवा होता. तिच्यापायी..."

"सासूबाईंना मधे आणू नका. त्या गेल्या तेव्हा धाकटी पाळण्यात होती." बायकोने दोरा दातांनी तोडला. "राजा त्यांच्या नंतरचा आहे."

सोफेवाल्याने सुईकडे पाहिलं, मग पुड्यातल्या बटणांकडे.

"थोरली आता उंच दिसते," तो म्हणाला. "फोटोत माझ्या खांद्याला लागेल. आणि मधली..." मधलीसाठी त्याने कारण शोधलं. सावकाश शोधलं. "मधलीचा रविवारी क्लास असेल ना?"

मधलीला आजवर कसलाच क्लास नव्हता. आतून तिचा आवाज आला,

"बाबा, मी नाही येत हं. मला सोफ्यावर झोप येते."

थोरली फिसकन हसली. मधलीने आयुष्यात सोफा पाहिला होता तो दुकानाच्या काचेबाहेरून. बायकोने सुईत नवा दोरा ओवला. एरवी एका दमात ओवणारी ती, त्या दिवशी दोरा दोनदा ओठात ओला करून बसली.

रविवारी धाकटी आणि राजा गेले. मालकीणबाई स्वतः हजर होत्या. त्यांनी धाकटीच्या केसांवरून हात फिरवला, राजाची कॉलर नीट केली आणि सोफेवाल्याच्या बायकोला जवळ बसवून घेतलं.

"दोनच ना? बरं केलंत बाई. आमचा तर एकच. एकाचं करताना जीव मेटाकुटीला येतो. नाहीतर लोक बघा ना, मुलगा होईपर्यंत रांग लावतात. लाज कशी वाटत नाही?"

मालकीणबाई हे अगदी आपुलकीने बोलल्या. सगळे हसले. हसण्यात पहिला नंबर सोफेवाल्याने लावला. त्याची बायको पायाखालच्या गालिच्याची नक्षी बघत राहिली.

फोटोग्राफरने दिव्याची छत्री वळवली, चौघांना सोफ्यावर चिकटवून बसवलं आणि 'आता हसा' म्हणाला. तेवढ्यात राजाने शेजारच्या मोकळ्या जागेवर थाप मारली.

"मधली कुठं बसणार?"

फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला.

"मधली कोण रे?" मालकीणबाईंनी विचारलं.

"त्याची बाहुली आहे," धाकटी म्हणाली. "घरी राहिली." आणि तिने राजाच्या गळ्यात हात टाकला, असा, की बाहेरून माया दिसावी आणि आतून चिमटा बसावा.

"अगं बाई! बाहुलीचं नाव मधली! गोड आहे हो पोरगा."

सोफेवाल्याला हायसं वाटलं. मग, हायसं वाटलं म्हणून, त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नेमका तेव्हाच फोटो निघाला. छापताना फोटोग्राफरने कानांचा लालपणा काढून टाकला. त्याच्या धंद्यात ते सोपं असतं.

नवी शाखा उघडली. किल्ली मिळाली, केबिन मिळाली, खुर्ची तर बोट लावलं तरी फिरायची. दरवाज्याच्या उजव्या काचेवर आतून फोटो लागला, माणसापेक्षा मोठा. रोज सकाळी शटर वर करताना सोफेवाला आधी स्वतःच्या बुटांना भेटायचा, मग गुडघ्यांना, मग हसऱ्या तोंडाला. नवी शाखा मुलींच्या शाळेच्या रस्त्यावर होती. त्याने मुलींना काहीच सांगितलं नाही. तरी थोरली आणि मधली शाळेत जायला मागचा रस्ता धरू लागल्या, लाकडाच्या वखारीवरून, जिथे ट्रकच्या चाकांनी खडी उखडलेली होती.

"तिकडून लांब पडत नाही का गं?" त्याने एकदा विचारलं.

"तिकडं सावली असते," मधली म्हणाली.

वखारीच्या रस्त्याला एकही झाड नव्हतं. त्याने मान डोलावली.

मॅनेजर म्हणून तो वाईट नव्हता. एकदा एका गिऱ्हाइकाचं पोर नमुन्याच्या दुमजली पलंगावर चढलं आणि पलंग भिंतीपासून सुटून झुलला. पोराला काही झालं नाही, पण त्याच दिवशी सोफेवाल्याने नियम केला: दुमजली पलंग भिंतीला बोल्टने ठोकल्याशिवाय सुताराने गिऱ्हाइकाच्या घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मालक खूश झाले. म्हणाले, "चार पोरांचा बाप असता तर इतकी काळजी घेतली नसती तुम्ही. दोनच असली की माणूस जपतो."

त्यानंतर काही महिन्यांनी मालक केबिनमध्ये आले आणि दुमजली पलंगाचं चित्र टेबलावर टाकून बसले.

"एकाच मुलाचे आईबाप एकदा पलंग घेतात, झालं," ते म्हणाले. "तो त्याच्या लग्नापर्यंत पुरतो. खरं गिऱ्हाईक पलीकडं आहे. खोली एक, पोरं चार. जमीन पुरत नाही त्यांना. आपण त्यांना वरची हवा विकायची! स्वस्तातला पलंग काढू, हप्ते लावू. पण पोस्टरवर तशीच पोरं हवीत. खरीखुरी चार, तसल्या घरातली." मालक मांडीवर हात मारून हसले. "तुम्ही दोनावर थांबून माझी पंचाईत केलीत बघा. नाहीतर तुमचीच चार बसवली असती."

सोफेवाल्याचं तोंड उघडलं. सांगायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. मालक हसत होते, आणि मागत होते नेमकं तेच त्याच्या घरात होतं. त्याने टेबलाला हात टेकला. खुर्ची आपसूक फिरली आणि तोंड भिंतीकडे झालं.

"बघतो," तो भिंतीला म्हणाला. "आमच्या शेजारी एक शिंपी आहे. त्याला आहेत चार."

शिंप्याला दोन मुलगे होते. त्याने ऐकलं आणि मशीनवरचा पाय काढून पोट धरून हसला.

"दोन माझी, दोन तुमची! सोफेवाले, एका दिवसात चौघांचा बाप केलंत मला, बायकोला न विचारता!"

सोफेवाल्याची बायको मात्र हसली नाही.

"आता सांगून टाका ना," ती म्हणाली. "आता तर चारच हवीत त्यांना."

"आता सांगितलं तर आधीचं खोटं ठरेल."

"ठरेल म्हणजे?"

तो हात धुवायला उठला. मोरीच्या दाराशी मधली उभी होती.

"बाबा, तिथं तुम्हाला काय हाक मारायची?"

"हाक मारायची वेळच येणार नाही गं," तो म्हणाला आणि नळ मोठा सोडला.

वेळ आली. फोटोसाठी पलंग दुकानाच्या मधोमध ठेवला होता, ठोकायला भिंतच नव्हती. शिंप्याचे मुलगे खाली बसले, थोरली पायऱ्यांवर आणि मधली वरच्या मजल्यावर. चढताना तिने गादीवरून तळहात फिरवला, मग लाकडावरून, कुणी बघत नाही असं समजून. तेवढ्यात खालच्या पोरांनी ढकलाढकली केली आणि पलंग हलला.

"बा..." मधली ओरडली, आणि तिथेच तिने शब्द वळवला. "...काका, धरा ना! हलतंय!"

सोफेवाल्याने धावत जाऊन दोन्ही हातांनी खांब धरला.

"साहेब, तुमचे हात फोटोत येतायत," फोटोग्राफर म्हणाला. "सोडा."

त्याने मधलीकडे पाहिलं. ती समोर कॅमेऱ्याकडे बघत होती, सांगितल्यासारखी, दात दाखवून. त्याने हात सोडले.

"चुणचुणीत आहे पोरगी," मालकीणबाई बाजूला येऊन म्हणाल्या. "शिंप्याची वाटत नाही हो. पण बघा ना, आधी दोन मुली, मग मुलगे. नेहमीचीच गोष्ट."

"हो ना," सोफेवाला म्हणाला.

हा फोटो दरवाज्याच्या डाव्या काचेवर लागला. आता सकाळी शटर वर गेलं की उजवीकडे त्याची दोघं दिसायची, डावीकडे उरलेल्या दोघी, आणि मधून सोफेवाला आत जायचा. दुमजली पलंग खपू लागले. पोरांच्या मोळ्या घेऊन माणसं येत, हप्त्यांवर सही करत आणि पोरं वरचा मजला कुणाचा यावरून दुकानातच भांडत.

फोटोतल्या पलंगाला दिव्याच्या स्टँडने एक ओरखडा पडला होता. मालकीणबाईंनी एके दिवशी फोन केला.

"तो पलंग त्या शिंप्याकडे पाठवून द्या. आमच्याकडून. त्या वरच्या मुलीने कसा हात फिरवला होता त्याच्यावर, मी बघितलंय. जीव कळवळला हो माझा."

फोन ठेवल्यावर सोफेवाला बराच वेळ गुणाकार करत बसला. पलंग शिंप्याच्या दारात उतरवायचा, टेम्पो गेला की उचलून आपल्या घरात आणायचा. शिंपी नाही म्हणणार नव्हता. घरी त्याने बायकोच्या कानात सांगितलं. संध्याकाळी भिंतीजवळची पत्र्याची पेटी सरकवलेली होती आणि तिथली फरशी पुसलेली होती. मुलींना कुणी काही सांगितलं नव्हतं. तरी थोरली टेप घेऊन भिंत मोजत होती.

टेम्पो आला तो गल्लीच्या मधोमध, दोन्ही दारांच्या समोर थांबला. सोफेवाला पुढे, ड्रायव्हरशेजारी. मागे सुटा पलंग आणि दुकानातला सुतार, ज्याच्या जिभेला हाड नव्हतं. सकाळी पाहिलेलं दुपारच्या चहाला त्याने दोन्ही शाखांत पोचवलं नाही असं झालं नव्हतं.

"नुसता उतरवून जा तू," सोफेवाला त्याला म्हणाला. "ठोकायचं नंतर बघू."

"असं कसं साहेब?" सुताराने ड्रिलची पेटी खांद्यावर घेतली. "नियम तुमचाच. भिंतीला ठोकल्याशिवाय मी बाहेर पडणार नाही. उद्या पोर पडलं तर मालक मला धरतील. बोला, घर कुठलं?"

दोन्ही दारं उघडी होती. एका दारात शिंप्याची बायको होती, दुसऱ्यात त्याची स्वतःची, तिच्या मागे पुसलेली फरशी. सोफेवाल्याने हात वर केला. हात कुठे वळणार होता ते त्याचं त्यालाही कळलं नसेल.

त्याच्या आधी मधली पायरी उतरली.

"इकडं," ती सुताराला म्हणाली. "आमचं हे." आणि शिंप्याच्या घरात शिरली. थोरलीने क्षणभर आईकडे पाहिलं, हातातला टेप गुंडाळला आणि तीही बहिणीमागे गेली.

दोन्ही घरांमधली भिंत एकच होती. ड्रिल सुरू झालं तसा सोफेवाल्याच्या फळीवरचा डबा थरथरला आणि रंगाचे पापुद्रे पुसलेल्या फरशीवर पडले. बायकोने फडकं आणलं, ते पुसले, पुन्हा पडले, पुन्हा पुसले. राजा भिंतीला कान लावून उभा राहिला. पलीकडून सुताराचा आवाज स्पष्ट आला,

"चढ गं पोरी वर. हलतोय का बघ."

पलंगाच्या पायऱ्या एकेक करून वाजल्या.

"नाही हलत, मामा," मधली म्हणाली. "पक्का बसलाय."

सुतार चहा पिऊन गेला. शिंपी दारात आला, मान खाजवली, काहीतरी बोलायला म्हणून म्हणाला, "काढायला गेलो तर भिंत येईल हो बरोबर," आणि परत आत गेला. त्याच्या पोरांचं वरच्या मजल्यावरून भांडण सुरू झालं होतं.

हिशोब तसा सरळ होता. मालकांना वरची हवा विकायला मिळाली. मालकीणबाईंना चांगलं केल्याचं समाधान. सुताराला चहा, आणि सांगायला शिंप्याच्या घराची खबर. शिंप्याच्या पोरांना पलंग. सोफेवाल्याची खुर्ची जागच्या जागी राहिली. सगळ्यांच्या खात्यात काही ना काही पडलं होतं.

दिवे लागल्यावर मुली परतल्या. घरात चपला दाराच्या आत, पेटीशेजारी काढायची पद्धत होती. थोरलीने तशा काढल्या. मधलीने बाहेरच काढल्या, पायरीखाली, जोडीने नीट लावून, शेजारून कुणी आल्यासारख्या. आणि उंबऱ्यात थांबली.

"आत ये ना," सोफेवाला म्हणाला.

"टेम्पो गेला?"

"गेला."

मग ती आत आली, आईच्या पुढ्यात बसून बटणांचा पुडा सोडू लागली. चपला बाहेरच राहिल्या. सोफेवाला उठला आणि त्या आत घ्यायला वाकला. त्याने त्या उचलल्या आणि तो तसाच वाकलेला राहिला. शाळा सुरू होताना घेतलेल्या चपला. टाचा पार झिजून गेल्या होत्या आणि एका टाचेत वखारीच्या रस्त्यावरची खडी रुतून बसली होती. त्याने ती नखाने काढून पाहिली. निघाली नाही.